सॅमसंग ८७० क्यूव्हीओ: लिनक्सवर लिहिताना ही एसएसडी कुठे धापा टाकते

कमी पैशांत जास्त जागा देणाऱ्या सॅटा जोडणीच्या एसएसडी, म्हणजे चिपवर डेटा ठेवणाऱ्या डिस्क, शोधायला बसलं की सॅमसंग ८७० क्यूव्हीओ हमखास समोर येते. २०२० साली आलेली ही मालिका, १, २, ४ आणि ८ टीबीत. वाचनाचा वेग सेकंदाला ५६० एमबी, लिहिण्याचा ५३० एमबी, असा कंपनीचा दावा. वाचनाबद्दल तक्रार करायला फारशी जागा नाही. लिहिण्याचा आकडा मात्र ठरावीक जीबीपुरताच खरा असतो. 'आधी सुसाट पळते आणि मग बसकण मारते' अशी लिनक्सवाल्यांची जी ओरड ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सापडत नाही, ते या डिस्कच्या पोटात असतं. कर्नलच्या सेटिंगांनी डिस्कचा मूळ वेग वाढत नाही. जो वेग हक्काचा आहे तो चुकीच्या सेटिंगांमुळे वाया मात्र जाऊ शकतो. म्हणून डिस्कचा स्वभाव कोणता आणि लिनक्सकडचा दोष कोणता, हे आधी वेगळं करावं लागतं.

आधी स्वभाव. आत क्यूएलसी प्रकारचं नँड (डेटा साठवणारी चिप) आहे, म्हणजे एका सेलमध्ये चार बिट. चार बिटांसाठी व्होल्टेजच्या १६ पातळ्या नेमक्या बसवाव्या लागतात आणि हे काम सावकाशच होतं. ही संथगती लपवायला डिस्कचा काही भाग एका सेलला एकच बिट अशा रीतीने वापरला जातो. सॅमसंग त्याला टर्बोराइट म्हणते, आपण बफर म्हणू. १ टीबीच्या डिस्कमध्ये ६ जीबी बफर कायमचा राखीव आणि ३६ जीबी मोकळ्या जागेतून उसना, एकूण ४२ जीबी. २ टीबी आणि त्यापुढे ६ अधिक ७२, म्हणजे ७८ जीबी. हा बफर भरला की १ टीबीची डिस्क सेकंदाला ८० एमबीवर येते आणि मोठ्या डिस्क १६० एमबीवर. हे काही गुपित नाही. कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे, फक्त तळटीपेत, बारीक अक्षरांत.

आता २०० जीबीची कॉपी घेऊ. १ टीबीच्या डिस्कवर पहिले ४२ जीबी सव्वा मिनिटाच्या आसपास उरकतात. उरलेल्या १५८ जीबीला ८० एमबीच्या वेगाने ३३ मिनिटं लागतात. तीच कॉपी २ टीबीच्या डिस्कवर साधारण पंधरा मिनिटांत होते, कारण तिथे दुप्पट नँड एकाच वेळी कामाला लागतं. सेकंदाला १५० एमबी लिहिणारी साधी फिरती हार्ड डिस्क हेच काम बावीस-तेवीस मिनिटांत करते. म्हणजे एका दमात मोठं लिहिण्याच्या कामात १ टीबीची ही एसएसडी फिरत्या डिस्कच्याही मागे पडते. या मालिकेतली १ टीबीची डिस्क घेऊच नये असं आमचं मत आहे, आणि त्याचं मुख्य कारण हेच.

'उसना' बफर हे प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण डिस्क जुनी झाल्यावर येणारा संथपणा इथूनच येतो. एका सेलमध्ये चारऐवजी एकच बिट ठेवायचा, म्हणजे ३६ जीबी बफरसाठी १४४ जीबी मोकळं नँड लागणार. १ टीबीची डिस्क ९० टक्क्यांपुढे भरली की तेवढी जागाच उरत नाही, उसना भाग आक्रसतो आणि शेवटी हाती राहतो तो ६ जीबी. पूर्ण वेगात तो अकरा-बारा सेकंदांत संपतो. शिवाय 'मोकळं' कशाला म्हणायचं हे डिस्क ठरवते. तुम्ही फाइल पुसली तरी लिनक्सने ट्रिम, म्हणजे 'ही जागा आता मोकळी' असा निरोप, पाठवलं नाही, तर डिस्कच्या लेखी ती जागा भरलेलीच असते. डीएफ या मोकळी जागा दाखवणाऱ्या आज्ञेत ४०० जीबी मोकळे दिसताहेत आणि डिस्क मात्र गळ्यापर्यंत भरल्यासारखी वागते आहे, हा प्रकार इथून होतो.

मोजमापात होणारे घोटाळे

बरेच जण डीडी ही कॉपी करणारी आज्ञा वापरतात, /डेव्ह/झीरोमधून नुसत्या शून्यांची १ जीबीची फाइल लिहितात आणि सेकंदाला दोन जीबीचा आकडा पाहून खूश होतात. तो वेग रॅमचा आहे. कर्नलने डेटा पेज कॅशमध्ये, म्हणजे रॅममधल्या तात्पुरत्या साठ्यात, घेतला, डिस्कपर्यंत तो पोचलेलाच नाही. डीडीच वापरायचं असेल तर ओफ्लॅग=डायरेक्ट द्या, निदान कॉन्व्ह=एफडेटासिंक तरी द्या. आणि १ जीबीवर थांबू नका, कारण या डिस्कवर १ जीबीची चाचणी म्हणजे फक्त बफरची चाचणी.

त्यापेक्षा एफआयओ हे वेग मोजण्याचं साधन चांगलं. त्याला हे पर्याय द्या: आरडब्ल्यू=राइट, बीएस=१एम, साइझ=१००जी, आयओइंजिन=लिबएआयओ, आयओडेप्थ=३२, डायरेक्ट=१. सोबत राइट_बीडब्ल्यू_लॉग आणि लॉग_एव्हीजी_एमएसईसी=१००० दिलं की दर सेकंदाचा वेग फाइलमध्ये उतरतो. ही लॉगफाइल हवीच, कारण शेवटी छापली जाणारी सरासरी दिशाभूल करते. नव्या १ टीबी डिस्कवर १०० जीबी लिहिले तर सरासरी १२४ एमबीच्या आसपास निघेल. त्या वेगाने डिस्क एक क्षणभरही चाललेली नसते. आधी ५३०, मग ८०. मात्र ही चाचणी गंमत म्हणून रोज चालवू नका. लेखनाची हमी १ टीबीला ३६० टीबीपर्यंतच आहे.

चाचणी चालू असताना दुसऱ्या टर्मिनलमध्ये आयओस्टॅट -एक्स १ लावा. सेकंदाला किती केबी लिहिले जाताहेत तो रकाना पाच लाखांवरून ऐंशी हजारांच्या घरात येताना दिसेल. युटिल (डिस्क किती टक्के वेळ कामात आहे) आधीही १०० आणि नंतरही १००, त्यावरून काही कळत नाही. डब्ल्यू_अवेट (लिहिण्याच्या एका विनंतीला लागलेला वेळ) मात्र बोलका. रांगेत एक-एक एमबीच्या ३२ विनंत्या आहेत, म्हणजे ३२ एमबी. ५३०च्या वेगाने एका विनंतीला साधारण ६० मिलिसेकंद लागतात आणि ८०च्या वेगाने ४००. हेच गुणोत्तर दिसलं आणि घसरण ४२ जीबीच्या आसपास झाली, तर शोध थांबवा. डिस्क तिच्या माहितीपत्रकाप्रमाणे चालली आहे. शेड्युलर (विनंत्यांचा क्रम लावणारा भाग) बदला, फाइल सिस्टीम बदला, कर्नल बदला, भिंत तिथेच राहील.

घसरण पाचव्या-सहाव्या जीबीलाच झाली, तर बफर आक्रसलाय किंवा आधीच्या लिखाणाने भरलेला आहे. मशीन चालू ठेवून डिस्कला काम देऊ नका. रिकाम्या वेळात कंट्रोलर बफरमधला डेटा आतल्या क्यूएलसीत हलवतो. मोठी कॉपी संपताच लॅपटॉप बंद केला तर हे काम पुढच्या वेळेवर जातं, आणि मग 'सकाळी सकाळीच हळू' अशी तक्रार होते. वाट पाहूनही फरक पडला नाही तर ट्रिमकडे वळा.

ट्रिम पोचतंय का

एलएसबीएलके --डिस्कार्ड चालवा. डिस्क-ग्रॅन आणि डिस्क-मॅक्स या दोन रकान्यांत शून्य असेल तर त्या थरापाशी ट्रिम अडलंय. डिस्क, पार्टिशन, एन्क्रिप्शन, एलव्हीएम (जागेचे लवचीक भाग पाडणारा थर) असे थर डिस्कपासून क्रमाने वाचत या, पहिलं शून्य दिसेल तिथेच गाठ आहे.

सर्वांत जास्त वेळा ही गाठ लक्स या लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनपाशी सापडते. त्यामागचा कर्नलमधला भाग डीएम-क्रिप्ट आपणहून ट्रिम खाली जाऊ देत नाही. क्रिप्टटॅबमध्ये त्या ओळीला डिस्कार्ड पर्याय जोडा, किंवा लक्स २ असेल तर क्रिप्टसेटअप रिफ्रेशला --अलाउ-डिस्कार्ड्स आणि --पर्सिस्टंट द्या. बदल्यात कोणते ब्लॉक रिकामे आहेत हे डिस्क हाती लागलेल्याला कळू शकतं. घरच्या लॅपटॉपवर ही किंमत परवडते, इतरत्र ज्याने त्याने ठरवावं. एलव्हीएमबद्दल एक गैरसमज चिवट आहे. एलव्हीएम.कॉन्फमधलं इश्यू_डिस्कार्ड्स चालू केल्याशिवाय ट्रिम होत नाही असं सर्रास सांगितलं जातं. तो पर्याय लॉजिकल व्हॉल्यूम काढताना किंवा लहान करताना लागू होतो. फाइल सिस्टीमकडून आलेलं ट्रिम साध्या एलव्हीएममधून तसंही खाली जातं.

मग एफएसट्रिम -व्ही चालवा, ते सगळ्या मोकळ्या जागेचं ट्रिम एकदम पाठवतं. उबंटू आणि फेडोरावर आठवड्याचा एफएसट्रिम.टायमर आधीच चालू असतो. आर्चवर सिस्टीमसीटीएल एनेबलने स्वतः चालू करावा लागतो. ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवर लागोपाठ दोनदा एफएसट्रिम चालवलं तर दुसऱ्यांदा शून्य बाइट किंवा अगदी थोडा आकडा येतो, म्हणून ट्रिम बिघडलं असं समजू नका. कोणते ब्लॉक गट ट्रिम झाले हे ईएक्सटी४ माऊंट असेपर्यंत लक्षात ठेवतं. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये ऑटोट्रिम आपणहून चालू नसतं, झेडपूल ट्रिम हाताने किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) लावावं.

माऊंट करताना डिस्कार्ड पर्याय द्यावा का? या डिस्कवर देऊ नये, आणि याचं कारण खुद्द कर्नलमध्ये आहे. ८६० आणि ८७० मालिकांसाठी रांगेतलं ट्रिम लिनक्सने २०२१ पासून बंद ठेवलं आहे, त्यांच्यावर ते भरवशाचं चालत नव्हतं म्हणून. ट्रिम तरीही होतं, पण रांगेबाहेरचं: चालू असलेल्या सगळ्या विनंत्या आधी संपवायच्या, मग ट्रिम, मग पुन्हा रांग. सतत डिस्कार्ड चालू असताना नोड_मॉड्यूल्ससारखं लाखभर फाइलींचं फोल्डर पुसलं की सगळी मशीन क्षणभर अडखळते ती यामुळे. आठवड्यातून एकदा टायमर पुरतो. बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमची गोष्ट वेगळी. कर्नल ६.२ पासून तिथे असिंक डिस्कार्ड आपोआप चालू असतं आणि ते ट्रिम साठवून हळूहळू पाठवतं, त्यामुळे त्रास कमी होतो.

यूएसबी डबीत ही डिस्क घालून वापरणारे बरेच आहेत. तिथे आधी एलएसयूएसबी -टी पाहा. ड्रायव्हर नवा, जलद यूएएस आहे की जुना यूएसबी-स्टोरेज, आणि पुढे ५०००एम आहे की ४८०एम. ४८०एम म्हणजे पोर्ट किंवा केबल यूएसबी २ची, तिथे सेकंदाला ४० एमबीच्या वर जाणं कठीण. ट्रिम बहुतेक डबींत आपोआप चालत नाही. डबीतल्या ब्रिज चिपला (यूएसबी आणि सॅटा जोडणारी) अनमॅप, म्हणजे तिथलं ट्रिम, येत असेल, तरच सिसएफएसमधल्या प्रोव्हिजनिंग_मोडमध्ये 'अनमॅप' लिहून ते चालू करता येतं. चिपला ते येतं का हे एसजी_व्हीपीडीने आधी तपासा. न तपासता जबरदस्ती केली तर डेटा जाऊ शकतो.

पहिल्या सेकंदापासूनच मंद असेल तर

तेव्हा बफरला दोष देऊ नका. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'सॅटा लिंक अप' ही ओळ शोधा. ६.० जीबीपीएस हवं. ३.० दिसलं तर २७०-२८० एमबीच्या वर काही जाणार नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये डीव्हीडी काढून तिथे कॅडी बसवली की हे हमखास होतं, तो पोर्टच हळू असतो. पोर्ट चांगला असूनही लिंक ३.० किंवा १.५वर उतरली असेल, तर स्मार्टसीटीएल -ए मध्ये (डिस्कने स्वतः ठेवलेल्या स्मार्ट नोंदी) १९९ क्रमांकाची ओळ बघा. सीआरसी चुकांचा (केबलवरून जाताना बिघडलेल्या डेटाचा) आकडा वाढत असेल तर केबल बदला. तो आकडा नंतर खाली येत नाही, म्हणून आज लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा ताडून पाहा.

एचडीपार्म -डब्ल्यू (कॅपिटल डब्ल्यू) चालवून राइट कॅशिंग १ आहे ना ते पाहा. ० असेल तर लहान लहान लेखनाचा बोजवारा उडतो. पार्टिशनच्या अलाइनमेंटवर जुन्या लेखांत पानंच्या पानं खर्च झालेली आहेत. आजची साधनं २०४८ व्या सेक्टरपासूनच सुरुवात करतात, त्यामुळे जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल केली असेल तरच पार्टेडचं अलाइन-चेक करा. नवी ईएक्सटी४ केल्या केल्या पहिला काही काळ आयओटॉपमध्ये ईएक्सटी४लेझीइनिट दिसतो. तो आयनोड तक्ते भरत असतो, तो संपण्याआधी घेतलेली चाचणी धरू नका.

शेड्युलरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. /सिस/ब्लॉक/एसडीए/क्यू/शेड्युलर वाचा, एमक्यू-डेडलाइन असेल तर राहू द्या. मोठी कॉपी चालू असताना डेस्कटॉप गुदमरत असेल तर बीएफक्यू हा दुसरा शेड्युलर लावून बघा. एकूण वेग वाढणार नाही, ब्राउझर मात्र हलता राहील.

गुदमरण्याचं खरं औषध दुसरीकडे आहे. कर्नल मोकळ्या रॅमच्या २० टक्क्यांपर्यंत न लिहिलेला डेटा साठू देतो. १६ जीबी रॅमच्या मशीनवर तो ३ जीबीच्या घरात जातो. बफर संपलेल्या १ टीबी क्यूव्हीओला ते ३ जीबी लिहायला ३७-३८ सेकंद लागतात, आणि तेवढ्यात एखाद्या प्रोग्रॅमने एफसिंक, म्हणजे डेटा डिस्कवर उतरल्याची खात्री, मागितलं की तोही त्याच रांगेत अडकतो. कॉपीची पट्टी १०० टक्क्यांवर येऊन थिजते तेही यामुळेच. /ईटीसी/सिसक्टल.डी मध्ये व्हीएम.डर्टी_बाइट्स २६८४३५४५६ आणि व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स ६७१०८८६४ ठेवा, म्हणजे २५६ आणि ६४ एमबी. बाइट्सवाले पर्याय दिले की रेशोवाले आपोआप शून्य होतात, ते बरोबर आहे. कॉपी पूर्वीइतकाच वेळ घेईल, पण पट्टी खरं सांगेल आणि मशीन हातात राहील.

डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन या डिस्कवर ठेवण्याचा विचार असेल तर तो सोडा. वीज गेल्यावर कॅशमधला डेटा वाचवणारे कपॅसिटर यात नाहीत, त्यामुळे प्रत्येक एफसिंकला तो नँडवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसने सेकंदाला शेकडो कमिट (पक्क्या नोंदी) मागितले की ५३० एमबीचा आकडा कामाला येत नाही. त्यावर उपाय म्हणून ईएक्सटी४ला नोबॅरियर (डेटा नँडवर उतरेपर्यंत न थांबण्याचा पर्याय) द्या असा सल्ला अजूनही फिरतो. वेग वाढतो खरा, पण वीज गेली की फाइल सिस्टीम गेली असं समजा. झेडएफएसच्या मिररमध्ये किंवा रेडमध्ये, म्हणजे अनेक डिस्कच्या जोडणीत, ही डिस्क घालतानाही विचार करा. एक डिस्क बदलली की तिच्यावर शेकडो जीबी सलग लिहावे लागतात, आणि ते सगळं ८० किंवा १६०च्या वेगाने.

बिघडलेला वेग परत आणायचा असेल आणि डेटाची प्रत दुसरीकडे असेल, तर सगळ्यात सोपा मार्ग बीएलकेडिस्कार्ड. पूर्ण डिस्कवर चालवा, क्षणार्धात सगळी रिकामी होते. नाव दोनदा तपासा, कारण हे एकदा झालं की परतीची वाट नाही. मग पार्टिशन करताना शेवटची दहा टक्के जागा तशीच सोडा. तिथे कधीच काही लिहिलं जात नाही, त्यामुळे बफरला ती कायम मिळते. सॅमसंगचं मॅजिशियन हे डिस्क सांभाळण्याचं सॉफ्टवेअर लिनक्सवर चालत नाही, पण ओव्हर-प्रोव्हिजनिंगच्या नावाखाली ते वेगळं काही करत नाही.

टिकाऊपणाबद्दल उगाच भीती नको. ३६० टीबी तीन वर्षांत वाटले तर रोजचे सव्वातीनशे जीबी होतात, घरगुती वापरात ते गाठणं अवघड. आतापर्यंत किती लिहिलं ते स्मार्टच्या २४१ क्रमांकात सापडेल, तो आकडा गुणिले ५१२ बाइट. ३९० कोटी दिसले तर साधारण २ टीबी झाले. झीज १७७ क्रमांकात, तिथला व्हॅल्यू रकाना १०० वरून खाली येत जातो.

एकंदरीत काय? गाणी, फोटो, सिनेमे, गेम, म्हणजे एकदा लिहून शंभर वेळा वाचायचा माल ठेवायला २ किंवा ४ टीबीची क्यूव्हीओ छान आहे. आवाज नाही, उष्णता नाही, वाचन जलद. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी चालेल, जागा चतुर्थांश मोकळी ठेवणार असाल तर. रोज व्हिडिओ फुटेज ओतायचं असेल, कंटेनर बिल्ड चालवायचे असतील, रात्रीचा बॅकअप घ्यायचा असेल, तर याच घराण्यातली ८७० ईव्हीओ घ्या. ती टीएलसी आहे, म्हणजे एका सेलमध्ये तीन बिट, बफर संपल्यावरची घसरण खूप कमी, वॉरंटी तीनऐवजी पाच वर्षं आणि १ टीबीला ६०० टीबी लेखनाची हमी. लॅमिंग्टन रोडवर घ्या की ऑनलाइन मागवा, दोघींची नावं जवळजवळ सारखी आहेत. म्हणून पैसे देण्याआधी मॉडेल क्रमांक वाचा: एमझेड-७७ नंतर 'क्यू' असेल तर क्यूव्हीओ, 'ई' असेल तर ईव्हीओ.